चांगली बाजू कुणाकडं?

"काकू, चांगली बाजू कुणाकडं घ्यायची?" फॅब्रिकेटरनं टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं. त्याच्या दृष्टीनं हा रोजचाच प्रश्न. कुंपण करायचं तर दोन आडव्या नळ्यांवर उभ्या पट्ट्या रिव्हेट मारून बसवायच्या, म्हणजे एका अंगानं सगळं सपाट, देखणं दिसणार आणि दुसऱ्या अंगानं नळ्या, रिव्हेटची डोकी, जोड. "तुमच्याकडं घेऊ का आज्जींच्याकडं? बहुतेक लोक आपल्याकडंच घेतात. पैसं देणारा आपल्याकडंच घेणार की." एवढं बोलून तो वहीत आकडे टिपायला लागला. पलीकडं शेजारच्या आक्का तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार, पण त्यांनी मान वर केली नाही. मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?" असं ह्यांनी विचारलं, तर मला नीट सांगताही येईना.

आमच्या आणि आक्कांच्या अंगणामध्ये आधी भिंत होती. साडेचार इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली, वर पावसानं काळी पडलेली. २०१९ च्या ऑगस्टात, कृष्णेच्या महापुरात ती पडली. सांगलीत त्या दिवसांबद्दल कुणी कुणाला काही सांगत बसत नाही. नदीवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका आणि त्या वर्षी ५७ च्या वर पाणी, एवढं म्हटलं की पुढचं ज्याचं त्याला आठवतं. पण ती भिंत कशी पडली हे मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं होतं. पाणी आमच्या बाजूनं, गटारीच्या तोंडातून आधी चढलं. आक्कांचं अंगण हातभर उंच, तिथं अजून घोटाही बुडत नव्हता. आमच्याकडं पाणी कमरेला लागलं तशी भिंत मधोमध पोट काढल्यागत झाली आणि आवाज न करता आडवी झाली. पाण्यात बुडाली म्हणून ती पडली नाही. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, म्हणून पडली. मीटरभर उंच पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा देतं. साडेचार इंचाच्या भिंतीनं तो कुठून सोसावा? दोन्ही बाजूंना पाणी सारखं चढलं असतं तर ती कदाचित आजही उभी असती.

पूर ओसरल्यावर विटा गोळा करून रचून ठेवल्या, बांबू रोवले आणि हिरवी शेडनेट बांधली. तात्पुरतं म्हणून बांधलेलं ते पुढं बरंच टिकलं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं, तेव्हा जाळी वाहून गेली आणि आम्ही परत बांधली. या काळात दोन्ही घरांची अंगणं एकमेकांना उघडी पडली. आक्कांच्या चुलीवरच्या आमटीचा वास थेट आमच्या सोप्यात यायचा. त्यांच्या नातवानं अभ्यास केला की नाही, हे मला त्याच्या आईच्या आधी कळायचं. हे सगळं मला आवडायचं आणि नकोसंही व्हायचं. आंघोळ करून केस पुसत अंगणात यावं तर समोर कुणी पाहुणा बसलेला. आमच्या घरात आवाज चढला की दुसऱ्या दिवशी आक्का काही न विचारता वाटीभर काहीतरी आणून द्यायच्या. त्यांनी ऐकलंय हे मला कळायचं, आणि मला कळलंय हे त्यांना. आडोसा माणसाला लागतोच. तो किती लागतो, हे मात्र आडोसा गेल्यावर समजतं.

भिंत परत नको, यावर आक्का ठाम होत्या. "अगं, पाण्याला वाट ठेव बाई. ते काय आपल्यावर चालून येत न्हाई, त्येला जायचं असतंय," असं त्या म्हणाल्या. ह्यांच्या मनात लोखंडी ग्रिल होतं. पण पुढच्या गेटवर लोखंडाचं काय होतं हे मी इतकी वर्षं बघत आले आहे. दर दोन-तीन वर्षांनी खरवडायचं, रेड ऑक्साइड मारायचं, वर ऑइलपेंट, आणि तरी वेल्डिंगच्या जोडातून तांबडे ओघळ यायचे ते येतातच. पुराचा गाळ त्या जोडांत बसला की सुकल्यावरही ओल धरून राहतो आणि रंगाखालून गंज चालत जातो. चेन लिंकची जाळी स्वस्त, पण आमच्या भागात जलपर्णी, उसाचं पाचट, प्लास्टिकच्या पिशव्या हे सगळं पाण्याबरोबर येतं आणि जाळीत अडकतं. थोड्या वेळात जाळीची भिंत होते, आणि मग परत तोच रेटा. शेवटी अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्ट्यांचं कुंपण करायचं ठरलं.

लेक अमेरिकेत असते. तिच्या घराला पांढऱ्या व्हायनिलचं कुंपण आहे. ते पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं तेव्हा मला नुकतं रंगवलेलं लाकूड वाटलं होतं. आपल्याकडं खिडक्यांना जे यूपीव्हीसी वापरतात तेच ते. कडक पीव्हीसी, त्यात उन्हानं पिवळं पडू नये म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड आणि धक्क्यानं तडकू नये म्हणून आणखी काही मिसळलेलं. गंज नाही, वाळवी नाही, रंग देणं नाही. तिकडं त्याचा शत्रू थंडी. गोठलेल्या हवेत ते कडक होतं आणि चेंडू जोरात लागला तर तडकतं. खांबही खोल घालावे लागतात, कारण जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि खांबाला वर उचलतं. जिथवर जमीन गोठते त्याच्या खालपर्यंत खड्डा न्यावा लागतो. ती हे सांगत होती आणि मला आमची काळी माती आठवत होती. तीही हेच करते. पावसात भिजून फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, आणि त्या ओढाताणीत कुंपणाचे खांब तिरके होतात. सांगलीत कुठल्याही जुन्या कॉलनीतून चक्कर मारा. तार कंपाउंडचे सिमेंटचे पोल एकमेकांच्या अंगावर रेलल्यासारखे दिसतील. आम्ही खांबाच्या जागची काळी माती काढून टाकली, मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, खाली पसरट फुटिंग घेतलं आणि भोवती मुरूम-खडी ठोकून भरली. गवंडी कुरकुरला, एवढ्या हलक्या कुंपणाला एवढा खड्डा कशाला म्हणाला. कुंपण हलकं आहे म्हणूनच. जड भिंत मातीला थोडीफार तरी दाबून धरते, हलक्या खांबाला माती पाहिजे तसं वळवते.

चांगल्या बाजूचं मी लेकीला सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, "इकडं बऱ्याच गावांत नियमच आहे आई. चांगली बाजू बाहेर, शेजाऱ्याकडं. नळ्या-खांब आपल्याकडं." का, ते तिला माहीत नव्हतं. मला मात्र झोप आली त्या रात्री.

माझं माहेर माण तालुक्यातलं. तिथं लहानपणी कुंपण म्हणजे काटा. बांधावर घायपात, कुठं शेराची झाडं, आणि परड्याला बाभळी-बोरीच्या फेसाट्या, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या. दर पावसाळ्यानंतर फेसाट्या सुकून बसायच्या, वाळवी लागायची, मग दिवाळीच्या आसपास वडील आणि शेजारचे तात्या मिळून नव्या तोडायचे. दोघांच्या हातात बेळकं, म्हणजे टोकाला फाटा असलेली काठी. एक जण फांदी दाबून धरायचा, दुसरा दुसऱ्या बाजूनं आत खेचायचा, कारण एका बाजूनं काटा बसतच नाही. बांधावरून त्यांच्यात कधी बोलणं बंद असायचं. आमच्याकडं बांधापायी डोकी फुटलेली घरं काही कमी नाहीत. पण बोलणं बंद असलं तरी फेसाट्या घालायला दोघं उभे राहायचे. नुसत्या "हं", "वडा", "बास" एवढ्यावर काम चालायचं. जुन्या निवडुंगाच्या बेटांच्या गोष्टी आजी सांगायची. फड्या निवडुंगाला पांढरा कापसासारखा किडा लागला आणि बघता बघता बेटंच्या बेटं बसली, असं ती म्हणायची. हा किडा १९२६ च्या सुमारास मुद्दाम आणून सोडलेला, निवडुंग आवरेना म्हणून, हे मी फार पुढं वाचलं. आमच्या वेळी एखाद-दुसऱ्या फडावर तो पांढरा बुरा दिसायचा. बोटानं चिरडला की गडद लाल रंग निघायचा आणि तो आम्ही नखांना लावायचो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या ज्या माळावर कारखाना मांडला, तिथंही निवडुंग आणि नागच होते म्हणतात. पॅसेंजरनं सांगलीला येताना किर्लोस्करवाडी आली की मी अजून खिडकीतून निवडुंग शोधते.

आणि मेंढरांची वाघर. धनगर पावसाळ्यानंतर खाली उतरायचे, तेव्हा रानात त्यांची मेंढरं बसवायला वडील स्वतः बोलवायला जायचे, लेंडीखतासाठी. संध्याकाळी खुंट्या ठोकून दोरीची विणलेली जाळी गोल ताणायची आणि कळप आत घ्यायचा. सकाळी जाळी गुंडाळून घोड्यावर. रात्रीपुरतं कुंपण. माझ्या डोक्यात त्या वाघरीचं काहीतरी घोळत होतं, जे फॅब्रिकेटरला सांगायला मला शब्द सापडत नव्हते.

कुपवाड एमआयडीसीत त्याच्या शेडवर गेले तेव्हा सापडले. तिथं कटर मशिनखाली अ‍ॅल्युमिनिअमचा सेक्शन कापताना असा काही कर्कश आवाज होतो की दातांत शिरशिरी येते, आणि खाली चांदीसारखा भुगा पडतो. मी एक सहा फुटी पॅनल उचलून बघितलं. एका हातानं उचललं. अ‍ॅल्युमिनिअमचं वजन लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं, हे शाळेत शिकलेलं असतं, पण हाताला कळणं वेगळं. मी त्याला म्हटलं, हे खांबाला कायमचं ठोकू नका. खांबाला दोन्ही बाजूंनी चॅनेल द्या, पॅनल वरून आत सरकवता आलं पाहिजे आणि पाणी यायच्या आधी वर ओढून काढता आलं पाहिजे. त्यानं पेन कानावर ठेवलं आणि थोडा विचार केला. "हुईल की. वरनं लॉक देतो. पण काढताना दोन माणसं लागतील काकू, एक हिकडनं, एक तिकडनं. एकट्यानं वडलं तर चॅनेलात तिरकं हून अडकतंय."

दोन माणसं लागतील, म्हणून तर मला ते आवडलं.

शेडच्या शेजारीच पावडर कोटिंगचं काम चालतं. ते मी तासभर उभी राहून बघितलं. सेक्शन आधी रसायनाच्या टाक्यांतून धुऊन काढतात. तेलाचा, हाताचा अंश राहिला तर वरचा थर पुढं पापुद्रा होऊन सुटतो. मग हुकला टांगून त्यावर बंदुकीसारख्या यंत्रातून कोरडी पावडर उडवतात. पावडरीला विजेचा भार दिलेला असतो, त्यामुळं ती धातूवर ओढली जाते. मागच्या बाजूला कुणी फवारलं नाही तरी तिथंही वळून जाऊन चिकटते. त्यानंतर १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती वितळून एकजीव होते. भट्टीचं दार उघडलं की तापल्या पत्र्याचा आणि रंगाचा मिसळलेला वास येतो आणि चेहऱ्यावर झळ लागते. थर ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाइतका. सगळी मदार एवढ्याशा थरावर. बाहेर उन्हात राहणाऱ्या कामाला पॉलिस्टरची पावडर लागते. इपॉक्सीची वापरली तर उन्हानं तिचं तेज जातं आणि हात फिरवला की खडूसारखा भुगा बोटाला लागतो. हे मी विचारून, दोनदा विचारून घेतलं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, हेही. साधा लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनिअमला लागून भिजत राहिला की त्या दोन धातूंमध्ये एक बारीकशी बॅटरी तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनिअम झिजतं. भोक मोठं होतं, स्क्रू खुळखुळतो, आणि लोक म्हणतात अ‍ॅल्युमिनिअम कच्चं होतं. ते कच्चं नसतं. हवेत त्याच्यावर आपसूक एक साय धरते आणि तीच त्याला सांभाळते. फक्त तिला अल्कली सोसत नाही. ओलं सिमेंट, चुना, भिजलेली राख हे तिला खाऊन टाकतात. म्हणून खांबाचा जो भाग काँक्रीटमध्ये जाणार होता त्याला डांबरी रंगाचे दोन हात दिले, आणि गिलाव्याचं काम चालू असताना प्रत्येक पट्टीला जुनी साडी गुंडाळून ठेवली. शिंतोडा उडालाच तर ओला असतानाच धुवायचा. वाळू दिला की खाली पांढरा डाग कायमचा राहतो.

पुढच्या फुलझाडांभोवती मात्र लेकीच्या हट्टानं कमरेएवढं पांढरं यूपीव्हीसी केलं. मागं का नाही, याला कारण मागचं उसाचं रान. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात तेव्हा त्या झळा कुंपणापर्यंत येतात. पीव्हीसी सहजी पेटत नाही, त्यात निम्म्याहून जास्त वजन क्लोरिनचंच असतं, पण ८० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि वाकडं झालेलं परत सरळ होत नाही. पुढं ती भीती नाही. आमच्याकडं या जिनसेची सवय फॅब्रिकेटरांनाही कमीच. खिडक्या करतात, कुंपणं फारशी नाहीत. तो आडव्या पट्ट्या खांबात घट्ट बसवून स्क्रूनं आवळायला निघाला होता. मी थांबवलं. यूपीव्हीसी अ‍ॅल्युमिनिअमच्या दुपटीहून जास्त पसरतं. आठ फुटी पट्टी पहाटेच्या गारव्यापासून वैशाखातल्या दुपारपर्यंत चार-पाच मिलिमीटरनं वाढते. तिला खांबाच्या पोटात सरकायला जागा पाहिजे, नाहीतर ती कमानीसारखी बाहेर येते. जागा ठेवली. आता मार्च-एप्रिलमध्ये दिवेलागणीला अंगणात बसलं की ते कुंपण आकसताना अधूनमधून टक्-टक् बोलतं. पहिल्यांदा ऐकून मी पाल म्हणून बघायला गेले होते.

त्या पांढऱ्या कुंपणाला आक्कांच्या धाकट्या नातवाच्या हळदीत जे व्हायचं ते झालं. मांडव दोन्ही अंगणांत मिळून होता. पोरांनी एकमेकांना रंगवता रंगवता कुंपणावर पाच-पाच बोटं उठवली, सगळी सांगलीची अस्सल हळद, पिवळी धमक. दुसऱ्या दिवशी त्यांची सून तारेची घासणी आणि भांड्याची पावडर घेऊन आली, चेहरा उतरलेला. मी तिला हात लावू दिला नाही. तारेच्या घासणीनं यूपीव्हीसीची चमक जाते आणि त्या ओरखड्यांत पुढं कायमची धूळ बसते. थिनर, अ‍ॅसिटोन तर लावूच नये, त्यानं वरचा पृष्ठभाग विरघळतो. साबणाच्या पाण्यानं पुसून घेतलं आणि उरलेलं उन्हावर सोडलं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे हळदीच्या गावात कुणाला सांगायला नको. दक्षिणेकडच्या तोंडावरचे ठसे लवकर गेले. जास्वंदीच्या सावलीत एक हात बराच काळ राहिला होता, तो मी मुद्दाम पुसला नाही.

बाकी यूपीव्हीसीला फार काही लागत नाही. वर्षातून दोन-तीनदा पाणी, मऊ कापड, भांड्याचा साबण. पावसाळ्यात उत्तरेच्या अंगाला हिरवं शेवाळ धरतं, त्याला पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसलं की निघतं. पोकळ खांबावरची टोपी मात्र बघत राहायला हवी. एकदा वाऱ्यानं एक टोपी गेली आणि काही दिवसांतच आत गांधीलमाश्यांनी घर केलं. खालच्या पट्टीला पाणी जायला भोकं असतात, त्यांत चिखल आणि मुंग्यांची माती भरते, ती काडीनं मोकळी करायची. गवत कापायचं यंत्र बुंध्याशी नेऊ नये. आणि करतानाच चार पट्ट्या जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात. पुढं एखादी फुटली तर नव्या मालाचा पांढरा रंग जुन्याशी कधीच जुळत नाही.

मधल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या कुंपणाची चांगली बाजू आक्कांकडं दिली. ह्यांना मी कारणं सांगितली ती सगळी कामाची होती. रिव्हेट, लॉक आपल्याकडं असले की आपल्याला बघता येतात, आवळता येतात. नळ्या पलीकडून असत्या तर कुणालाही पाय ठेवून चढायला शिडीच झाली असती. ते त्यांना पटलं. पण खरं कारण माझं मला माहीत होतं. निम्मी रेघ त्यांची आहे, पैसे माझे असले म्हणून काय झालं. त्यांच्या अंगणात उभं केलेलं काही त्यांनी न मागता आलंय, ते निदान देखणं असावं. तरी, खरं सांगते, रोज सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात आलं की समोर रिव्हेटच्या रांगा दिसतात आणि पलीकडचा गुळगुळीत करडा रंग मला दिसत नाही, याचं थोडं वाईट वाटतं. अजून वाटतं.

पण ती बाजू बघायचं एक निमित्त मात्र आहे. कुंपण धुवायचं तर दोन्ही अंगांनी धुवायला हवं, आणि त्या अंगानं धुवायचं तर आक्कांच्या अंगणात जावं लागतं. उसाच्या हंगामात पाचटाची काळी राख उडून येते आणि पट्ट्यांवर बसते. ती कोरड्या फडक्यानं पुसली तर खरखरून ओरखडे पडतात. आधी नळीनं नुसतं पाणी मारून सगळं वाहू द्यायचं, मग साबणाच्या पाण्याचं मऊ कापड, मग परत पाणी. पुराच्या गाळालाही हेच. ओला आहे तोवर धुतला तर निघतो, वाळला की सिमेंटासारखा बसतो. कुठं ओरखडा दिसलाच तर त्याच दिवशी त्याच रंगाचा टच-अप लावायचा. थराला चीर पडली की खालून ओल शिरते आणि बारीक दोऱ्यासारख्या रेषा रंगाखालून पसरत जातात. हे सगळं मी बादली घेऊन त्यांच्या बाजूनं करते, तेव्हा आक्का पायरीवर बसून लसूण सोलत असतात. "तिथं राहिलंय बघ वर," असं सांगतात. धुऊन झालं की चहा. भिंत होती तेव्हा माझं त्यांच्या अंगणात जाणं सणासुदीला, ओटीला. शेडनेट होती तेव्हा सगळं दिसत होतं, म्हणून जायची गरज पडत नव्हती. आता तिसरीच तऱ्हा आहे. दोन पट्ट्यांमधल्या बोटभर फटीतून साडीचा रंग दिसतो, माणूस दिसत नाही, आणि हाक मारली की आवाज स्वच्छ येतो. एवढा आडोसा मला पुरतो. त्यांनाही पुरत असावा.

मे महिन्यात आम्ही पॅनल काढून बघतो, चॅनेलात मातीनं काही अडकलंय का म्हणून. त्यांचा थोरला नातू तिकडून, मी इकडून. "एक, दोन, वड." लॉकमध्ये थेंबभर तेल, चॅनेलच्या तळाची माती पाण्यानं काढायची. पट्ट्यांची वरची टोकं मी भाल्यासारखी न करता सपाट ठेवून घेतली आहेत. पाण्याखाली गेलेलं ग्रिल वरून दिसत नाही, आणि आमच्या गल्लीतून रबरी बोटी गेलेल्या आहेत. काढलेली पॅनल कुठं ठेवायची हेही ठरलंय. त्यांच्या माडीवर, कारण आमचा जिना वळणाचा आहे. पाणी ४० फुटांच्या पुढं सरकायला लागलं की काढायला घ्यायची, असं बोलून ठेवलंय. भंगाराच्या भावाला अ‍ॅल्युमिनिअमची किंमत चांगली येते, तेव्हा घरं रिकामी असताना ती माडीवर कुलपात असलेलीच बरी, हा नातवाचा मुद्दा. तोही बरोबर आहे.

आता आक्कांना त्यांच्या बाजूनं कुंपणावर तोंडल्याचा वेल चढवायचा आहे. मला ते फारसं पसंत नव्हतं. वेल दाट झाला की त्याखाली ओल आणि पाला साचून राहतो, वारा लागत नाही, आणि पॅनलला पॅनल गुंतलं तर ऐन वेळी ओढून निघायचं नाही. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाजू माझी न्हवं का? तूच दिलीस की." मग तिथंच पायरीवर बसून ठरवलं. वेल मधल्या एकाच पॅनलवर, त्याच्या आजूबाजूच्या खांबांना शिवू द्यायचा नाही. आगोटीच्या आधी बुंध्यापर्यंत छाटायचा, त्या नाही म्हणाल्या तरी छाटायचा. तोंडल्याचं काय, परत फुटतो. माझ्या बाजूनं जी तोंडली लोंबतील ती माझी. रोप त्यांनी कालच लावलं.